तक्त्यावरचे पडलेले अग्निबाण

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब, प्रमुख पाहुणे काकासाहेब, आमच्या मुख्याध्यापिका उषाबाई, सहकारी शिक्षक, आष्टीचे गावकरी, माता-भगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

उभं राहूनच बोलतो. बसलो तर उठवायला दोघं लागतील. माईक जरा खाली घ्या. हां, बराबर. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. थकलो आता, खरंच थकलो.

काकासाहेब आत्ता म्हणाले, तातेराव सरांनी या गावाला आकाश दाखवलं. कसलं आकाश हो? व्हरांड्याच्या भिंतीवर एक तक्ता रंगवला, एवढंच. देशाचे अग्निबाण अन् उपग्रह, सालवार. साधले ते हिरव्या रंगात, फसले ते तांबड्या. एकोणऐंशीचा अग्निबाण समुद्रात पडला, ऐंशीला तसलाच दुसरा गेला. ब्याऐंशीचा उपग्रह थोड्या महिन्यांत बंद पडला, त्र्याऐंशीचा चालला. सत्त्याऐंशीला एक पडला, अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत आणखी एक. रेडिओवर बातमी ऐकली की शाळेत आल्या आल्या मी ब्रश घ्यायचो.

त्याच अठ्ठ्याऐंशीत आपली बेबीनंदा दहावीला गणितात नापास झाली. तिचे वडील कचरूभाऊ म्हणाले, शाळा बस झाली. पोरीनं तक्त्याचा दाखला दिला. "दादा, सरकारचाबी पहिला पडल्ता, मंग दुसरा गेला. मला ऑक्टोबरला बसू द्या." कचरूभाऊंना वाचता येत न्हाई, पण माणूस न्यायाचा. म्हणाले, सरांना विचारून येतो.

ते आले त्या दिवशी शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशी तेव्हाचे मुख्याध्यापक मला म्हणाल्ते, "साहेबांना पडलेलं कशाला दाखवता? पुसा ते." अन् मी पुसलं! तांबड्या ओळींवर चुना मारला. साहेब तक्त्यापुढं उभे राहून कौतुक करून राह्यले, तेवढ्यात कचरूभाऊ आले. टोपी हातात घेऊन विचारलं, "सर, ह्यातले पडलेले कोणते?"

काय बोलायला हवं होतं मी? साहेबांकडं पाहिलं आणि म्हणालो, "पडलेला एकही न्हाई."

"मंग आमची बेबी लबाड बोलून राह्यली," एवढं म्हणून ते गेले. परीक्षेचा फॉर्म भरलाच न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. मी जेवायला गेल्तो, बुंदी खाऊन आलो. लाज वाटते सांगताना.

पुढं त्र्याण्णवला मोठा अग्निबाण पडला, तो मी तांबड्या रंगात लिहिला. आता अडवणारं कोणी नव्हतं. चौऱ्याण्णवला दुसरा गेला. गावात पेढे वाटले. कचरूभाऊंनी पेढा घेतला, वर मलाच नमस्कार केला. तो नमस्कारही मी तसाच घेतला.

असो. उषाबाई घड्याळ पाहून राह्यल्या. आपण शाल दिली, श्रीफळ दिलं, माझ्या तापट स्वभावासकट मला एवढी वर्षं चालवून घेतलं. सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. एक गोष्ट मात्र पोटात घालू नका. कचरूभाऊ, तुम्ही दाराशी बसलात, मला दिसताय. बेबीनंदा खरं बोलत होती.