चकलीच्या डब्यातला कागद

अक्का : तेल टिपायला घातला की तो कागद! चकलीच्या डब्याच्या तळाला. एवढा जाड कागद घरात दुसरा कुठला हाय?

त्र्यंबक : अक्का, कारखान्याच्या ऊसबिलाचा आमचा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम होता तो! एकही पान बाहेर दाखवणार नाही म्हणून आमच्या कंपनीच्या दत्तोपंत साहेबांनी माझ्याकडनं स्टँप पेपरवर सही घेतलीय. कळलं तर नोकरी जाईल, वर कोर्टात खेचतील.

अक्का : मग घरी आणलास कशाला?

त्र्यंबक : चूक सापडेना म्हणून. शेवटच्या बैलगाडीचं वजन बेरजेत येतच नाही, आणि उद्या कारखान्यात दाखवायचंय. तो डबा कुठं आहे?

अक्का : शेजारीच. दिवाळीचा फराळ म्हणून सोमलिंगाकडं.

त्र्यंबक : सोमलिंग! संपलं सगळं. अगं, तो दुसऱ्या कंपनीत असलाच प्रोग्रॅम लिहितोय.

अक्का : मग जा, माग जा.

त्र्यंबक : काय म्हणून मागू? मागितला की कागद मोलाचा आहे हे त्याला मीच सांगितल्यासारखं.

अक्का : मग बस तरी एका जागी. येरझाऱ्या घालून फरशी झिजवशील.

(दारावर थाप. सोमलिंग डबा घेऊन आत येतो.)

सोमलिंग : अक्का, डबा घ्या. आईनं कडबोळी घातल्यात. रिकामा कसा द्यायचा?

अक्का : आणि तळाचा कागद रे?

सोमलिंग : हाय की आतच. त्र्यंबक, असा बघू नगंस. वाचला मी. नजर गेली, मग ऱ्हावंना.

त्र्यंबक : कुणाला दाखवलास?

सोमलिंग : कुणाला बी न्हाय. दाखवायचा बी न्हाय. तुझी सही स्टँपावर असणार, आमच्याकडं बी घेत्यात; मी बारकेपणापासनं अक्काच्या हातचं मीठ खाल्लंय. येतो.

अक्का : बघ, आला का न्हाय कागद? उगंच जीव खाल्लास.

त्र्यंबक : अक्का... यावर पेन्सिलीची खूण आहे. ही एक ओळ वर घ्यायची, बास. शेवटची गाडी इथंच सुटत होती.

अक्का : मग झ्याकच झालं की!

त्र्यंबक : काय झ्याक? उद्या साहेब माझी पाठ थोपटतील. सोमलिंगाचं नाव सांगितलं तर करार मोडला, नाही सांगितलं तर मी चोर.

अक्का : एक कडबोळं खा आधी. ताजी हायत.

त्र्यंबक : नको, अक्का. त्यात त्यांच्या घरचं मीठ आहे.