सीटला तेल

वहिनी : हळू धरा हो, भाऊजी! सायकलची सीट आहे ती. टायरची ट्यूब आहे का, अशी पिळून बघायला?

उस्ताद : पिळत नाही, वहिनी. नुसती उजेडात धरतोय. कुठून सुटलीय ते तर बघू द्या.

वहिनी : मागून. रिबिटांपासून सरळ फाटत आलीय. पण खळगे शाबूत आहेत, घरून निघताना मी हात फिरवून बघितलंय. ते तेवढे सांभाळा, बाकी काय शिवायचं ते शिवा.

उस्ताद : खळगे?

वहिनी : हे काय, हे दोन. ह्यांच्या बसण्यानं पडलेले. डावा जरा खोल आहे बघा. डाव्या खांद्याला औषधांची पिशवी असायची ना. घरोघर बाटल्या पोचवायच्या म्हणजे तेवढा भार आलाच.

उस्ताद : कंपाउंडरसाहेबांची पिशवी मी विसरेन होय? दुकानात आले की आधी पिशवी त्या कोपऱ्यात टेकवायचे, मग स्वतः त्या स्टुलावर. म्हणायचे, "उस्ताद, आधी हिला बसू दे, ही मोठ्या घरची आहे."

वहिनी : ह्याच स्टुलावर?

उस्ताद : ह्याच. अन् घरी निघाले की साहेब दिसेनासे व्हायचे, तरी आवाज यायचा. दुकानापुढचा हा चढ. चढायला लागले की गाणं सुरू. इकडे येताना उताराला मात्र चिडीचूप. एकदा विचारलं, साहेब, हे उलटं कसं? तर म्हणाले, "उताराला ब्रेक पुरतो रे, चढाला देव लागतो."

वहिनी : घरात कधी आवाज चढला नाही त्यांचा. सगळा सूर त्या चढाला दिला. वर्ष झालं त्यांना जाऊन, अजून संध्याकाळी कान तिकडेच लागतात. बरं, ते राहू द्या. शिवून कधी देताय?

उस्ताद : आधी सांगा, फाटली कशी?

वहिनी : ते मला नका विचारू. माझ्याशेजारी उभी आहे, तिला विचारा.

मुलगी : आई, अजून किती दिवस असं?

वहिनी : तिला म्हणावं, मी भाऊजींशी बोलतेय.

उस्ताद : तिघंच तर आहोत इथं, वहिनी. पोटच्या पोरीशी असं भिंतीआडून...

वहिनी : भिंत निदान सीट तरी फाडत नाही.

मुलगी : मी सांगते, काका. मागल्या आठवड्यात आईला ताप भरला होता. डोळे उघडत नव्हती. औषधाचं दुकान बंद व्हायला आलं होतं, म्हणून मी बाबांची सायकल काढली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर दणका बसला आणि खालून टर्रकन आवाज आला.

वहिनी : वर्षभर त्या सीटवर कुणी टेकलं नव्हतं. शेजारचे सायकल मागायला आले की मी सांगायची, चाकात हवा नाही. आणि हवा तर मी दर रविवारी भरायची! देवाला म्हणायची, एवढं खोटं माझ्या नावावर लिहून ठेव.

मुलगी : तुला ग्लानी आली होती, आई.

वहिनी : तापानं काय माणूस जातंय? चालत गेली असती तर पाय झिजले असते का तिचे, विचारा.

मुलगी : दुकान बंद झालं असतं.

वहिनी : तिला म्हणावं...

उस्ताद : म्हणतो, सगळं म्हणतो. त्याआधी मला सांगा, बाहेर बिनसीटची सायकल उभी केलीत, तिला कुलूप लावलंय का?

वहिनी : लावलंय की. लावलं ना? अगबाई, किल्ली तर पिशवीत दिसत नाही. थांबा, बघून येते. मी येईस्तोवर तिला सुई लावू नका.

उस्ताद : नाही लावत. सावकाश या, पायरी उंच आहे.

मुलगी : तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, काका.

उस्ताद : मी कुठं घेतोय? इकडे ये पोरी, पटकन. हिला इथं अंगठा लाव. नख दाब.

मुलगी : अरे देवा. नख आत गेलं.

उस्ताद : जाणारच. चामड्याची सीट ताणलेली असते म्हणून माणसाला पेलते. ही आतून पार गळून गेलीय. वास घे. तेल पिऊन पिऊन हिची ही दशा झालीय. तू बसली नसतीस तरी एक दिवस उभ्या उभ्या आपली आपण सुटली असती. कोण लावत होतं एवढं?

मुलगी : तेलानं झालं हे?

उस्ताद : तेलानंच. कोण लावतं घरी?

मुलगी : आई. रोज सकाळी. देवाचं नाव घेऊन झालं की पहिलं काम तेच.

उस्ताद : रोज? अगं, साहेबांना मी सांगितलं होतं, वर्षातून दोनदा, बोटाला लागेल एवढं. ते हसले होते. म्हणाले, "थेंबांचा हिशेब होय? तो मला जमतो."

मुलगी : त्यांना जमायचा. शेवटी जीभ जड झाली होती बाबांची. एकेक शब्द ओढून काढायचे. जायच्या आदल्या दिवशी आईला म्हणाले, "सीटला तेल लाव." एवढंच. कधी लाव, किती लाव, काही नाही. आई म्हणते, जन्मभर ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, मागितलं ते एवढंच. मग एक दिवस तरी चुकवू कशी?

उस्ताद : राम राम राम.

मुलगी : काका, हे तिला सांगू नका.

उस्ताद : मग खापर तुझ्या डोक्यावर राहील.

मुलगी : राहू दे. माझ्यावर चिडायचं म्हणून तरी उठते, भांडी आपटते, दोन घास खाते. राग आहे तोवर ती उभी आहे. आणि हे कळलं तर उद्या सकाळी उठून करेल काय?

उस्ताद : आल्या त्या. डोळे पूस.

वहिनी : लावलेलं होतं कुलूप. किल्ली त्यालाच लटकत होती! मग कुलूप लावलं काय अन् न लावलं काय. काय कुजबुज चालली होती?

उस्ताद : कुजबुज कसली? वहिनी, ही शिवून भागणार नाही. टाका धरणार नाही हिच्यात. सांगाडा, स्प्रिंगा जुन्याच ठेवतो, वर नवं चामडं ताणतो.

वहिनी : आणि खळगे?

उस्ताद : जुनं चामडं काढलं की तुमच्या हातात देतो.

वहिनी : मी खळग्यांचं विचारतेय, भाऊजी.

उस्ताद : ताण गेला की ते राहत नाहीत, वहिनी. सपाट होतात.

वहिनी : म्हणजे गेले. तिला म्हणावं, ऐकलंस? एका फेरीत बाप घालवलास.

मुलगी : हो, आई. माझंच चुकलं. मी फार जोरात आपटले.

उस्ताद : हिचं काही चुकलेलं नाही. दोष माझा आहे. चामडंच कच्चं गेलं माझ्या हातून.

मुलगी : काका, तुम्ही कशाला? मला अंधारात तो खड्डा दिसला नाही.

उस्ताद : चामडं धड असतं तर खड्ड्यानं काय होतंय? माझीच चूक.

मुलगी : नाही हो, माझी.

वहिनी : थांबा. दोघंही थांबा जरा. मघाशी गतिरोधक होता, आता त्याचा खड्डा झाला? आणि भाऊजी, तुमचं चामडं कच्चं? "माझी सीट तुमच्या होणाऱ्या जावयापेक्षा जास्त टिकेल," असं ह्याच दुकानात ह्यांना म्हणाला होतात. घरी येऊन सांगून सांगून हसले होते.

उस्ताद : माणूस बोलून जातो, वहिनी.

वहिनी : तुम्ही नाही बोलून जात. गिऱ्हाइकानं टाक्याला नाव ठेवलं तर त्याला पायरीवरून परत पाठवणारे तुम्ही. आणि आज न विचारता दोष घेताय? दोघंही आपापल्या अंगावर घेताय, म्हणजे करणारं तिसरं कुणीतरी आहे. आणि इथं तिसरी मीच आहे.

मुलगी : आई, चल ना घरी.

वहिनी : मी तर कधी बसले नाही हिच्यावर. पुसली. झाकून ठेवली. तेल लावलं... भाऊजी, तुमचे हात बघू.

उस्ताद : माझे हात तेलकटच असतात.

वहिनी : मघाशी कोरडे होते. पिशवी घेताना बघितले मी. आणि ही तुमची फळी बघा, सीट ठेवली होती तिथं डाग उतरलाय. किती लावायचं असतं तेल?

उस्ताद : जाऊ द्या ना, वहिनी.

वहिनी : कंपाउंडरच्या घरात जन्म काढला मी. मात्रा विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडात कधी चमचा घातला नाही. फक्त ह्यांनी सांगितलेल्याची तेवढी विचारायची राहिली. सांगा.

उस्ताद : वर्षातून दोनदा. बोटाला लागेल तेवढं.

वहिनी : मी वाटी घेऊन बसायचे.

मुलगी : आई...

वहिनी : वाटी घेऊन बसायचे गं. तेल आत मुरलं की मला वाटायचं, घेतायत. पोचतंय त्यांना. मुरलं नाही त्या दिवशी जिवाला घोर लागायचा, म्हणून तळव्यानं आणखी चोळायचे.

उस्ताद : वहिनी, देवाला एक फूल पुरतं तिथं कुणी टोपलीभर वाहिलं, तर देव रागावतो का?

वहिनी : देव नाही रागावत, भाऊजी. चामडं फाटतं.

मुलगी : पाणी देऊ का तुला?

वहिनी : तुला हे ठाऊक होतं?

मुलगी : आत्ता कळलं. तू कुलूप बघायला गेलीस तेव्हा.

वहिनी : आणि कळल्यावरही म्हणालीस, माझंच चुकलं?

मुलगी : म्हणाले.

वहिनी : बापावर गेलीयस. डॉक्टरांच्या हातून काही चुकलं की तेही असेच पुढं व्हायचे. माझ्याच हातून झालं असेल म्हणायचे आणि घरी येऊन निवांत जेवायचे. मी चिडचिड करायची... ये, इथं बस. ह्या स्टुलावर दोघी मावू.

मुलगी : मोडेल, आई.

वहिनी : मोडू दे. एक सीट मोडलीच आहे, त्यात स्टूल. भाऊजी, ताणा तुमचं नवं चामडं.

(पुढला आठवडा. तेच दुकान. सायकल दारात उभी आहे.)

उस्ताद : बसवलीय. नट मीच आवळलेत, तुम्ही पान्ह्याला हात लावू नका. आणि हे जुनं, फडक्यात गुंडाळलंय.

वहिनी : केवढंसं झालंय. सांगाड्यावरून काढल्यावर एवढंच होतं होय? खळगे... नाही. नाहीत. डावा कुठला तेही कळत नाही आता.

मुलगी : आण, मी धरते.

वहिनी : असू दे माझ्याकडे. आणि ही नवी बघ कशी टणक आहे. वाजवली तर वाजेल. हिच्यात कुणीच नाही गं.

उस्ताद : नव्या सीटमध्ये कुणी नसतंच, वहिनी. पहिले काही महिने टोचते, माणूस शिव्या घालतं. मग हळूहळू ओळख होते.

वहिनी : आणि तेल? ह्या खेपेला मात्रा नीट सांगा. विचारूनच घेते.

उस्ताद : जेवढं पाजायचं तेवढं मी पाजलंय. आता नको. हिला आता माणूस लागतं.

वहिनी : मग सकाळी मी काय करू? देवाचं नाव घेऊन झालं की हात आपोआप वाटीकडे जातो. कालही गेला. वाटी भरली, आणि मग तशीच बसून राहिले.

मुलगी : मी कामाला निघायची वेळ तीच असते, आई. हिच्यावरून जात जाईन. तू दार उघडून उभी राहत जा.

वहिनी : नुसती दारात?

मुलगी : पिशवी हातात द्यायची. विसरते मी.

वहिनी : विसरतेस खरी. लहानपणापासून विसरतेस... मग बस. आत्ताच बस.

मुलगी : आत्ता? आणि तू?

वहिनी : मी येते मागून चालत. हे चामडं पिशवीत टाक, पिशवी डाव्या खांद्याला घे. उजव्या नाही गं, डाव्या. हं. भाऊजी, येते.

उस्ताद : या, वहिनी. सांभाळून.

मुलगी : आई, पुढं चढ आहे. दम लागेल मला.

वहिनी : लागू दे. आपल्या घरात चढाला गातात.