समोरच्या प्लॉटवरचा बगीचा

सकाळी बरोबर सव्वासात वाजता मी पोरीचा डबा भरून राहिली होती, तं समोरच्या महापालिकेच्या मोकळ्या प्लॉटवर दोन माणसं चुन्यानं रेघा मारताना दिसली. पोरगी रोज तिथंच खेळते, म्हणून मी तशीच धावत गेली.

"काय बनवून राहिले, भाऊ?"

"बगीचा, ताई. लेकरांसाठीच."

मले शंका आली. रस्त्याच्या कडेनं एकसारखे चौकोन आखले होते, अन् सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे.

"मंग झोपाळा कोणत्या गाळ्यात टांगता?"

दुसरा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाले पाहिजे का? कोपऱ्याचा गाळा अजून खाली आहे, विकला नाही."

म्हणजे बाकीचे विकले गेले, बायाहो! आपल्या लेआउटमधल्या सगळ्या घरांले सांगा, आज संध्याकाळी प्लॉटवर या. लेकरं घेऊनच या.