सोनेरी टोपण आणि फुटका फुगा

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, तुम्ही तो स्वेटर घालत तरी कुठे होता?" आता तुम्हाला सांगतो, डिसेंबरचा महिना, मी जिन्याखालच्या खोलीत राहणारा माणूस, बाहेरचं दार उघडलं की वारा आधी मला भेटतो आणि मग वर लोकांकडे जातो, मी स्वेटर घालत नव्हतो तर काय त्याला मांडीवर घेऊन बसत होतो? घालतच होतो. त्या दिवशी अंघोळीला गेलो म्हणून काढून खुर्चीवर ठेवला, एवढंच. अंघोळ करून बाहेर येतो तर खुर्चीवर एक बाही, आणि सूनबाईच्या मांडीवर हा एवढा लोकरीचा गोळा. मी म्हटलं, पोरी, हे गं काय? तर म्हणते, "नाताळची माळ, बाबा. खर्च काही नाही, घरातलंच आहे."

घरातलंच आहे, कबूल. सकाळपर्यंत अंगातलं होतं.

पण तिला तरी किती बोलायचं? सगळी आग लावली ती सेक्रेटरीसाहेबांनी. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, माणूस वाईट नाही, पण बोलायचं म्हटलं की आधी छाती फुगवतात, मग घसा साफ करतात, तोवर समोरच्याचा चहा निवतो. त्यांनी सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "अहं... यंदा नाताळात आपला हॉल सजला पाहिजे. परंतु... अहं... पैसे मिळणार नाहीत. कल्पकता दाखवा." कल्पकता म्हटल्याबरोबर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. आणि आमच्या सूनबाईचा हात वर. लग्न होऊन आली त्याला वर्ष नाही झालेलं, माझा मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो, तो आठवड्यातनं दोनदा घरी, हिचे हात रिकामे, आणि रिकामे हात म्हणजे काय असतं ते मला त्या महिन्यात कळलं.

बाहेरच्या झाडाची छाटणी झाली होती, त्यातली एक वाळकी फांदी ओढून आणली. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात ती उभी केली, उरलेला चुना फासला, झालं झाड. जुन्या वर्तमानपत्रांच्या चांदण्या, खळ लावून कडक केलेल्या. अंड्यांना सुईनं भोक पाडून आतलं फुंकून काढायचं आणि टरफलं रंगवून टांगायची. आता आतलं जे निघालं त्याचं काय करायचं? खायचं. सकाळी अंडं, दुपारी अंडं, मुलगा एक दिवसासाठी आला तर त्याला अंडं. तो बिचारा म्हणाला, "अगं, झाडाला अजून किती लागतात?" काडेपेट्यांना चमकी गुंडाळून छोट्या छोट्या भेटी केल्या, त्यासाठी काड्या सगळ्या एका बरणीत ओतल्या, म्हणजे चहा करायला गेलं की काडी आहे आणि ओढायला पेटी नाही. विचारलं की ठरलेलं... खर्च काही नाही, घरातलंच आहे.

हे सगळं मी सोसलं. मी सोसतो, माझा स्वभावच तसा आहे, घाई नाही, ओरडणं नाही. पण मग तिचा हात गेला पत्र्याच्या डब्याला.

आता हा डबा काय, ते सांगायला पाहिजे. मी या इमारतीच्या किल्ल्या सांभाळतो. ज्याला त्याला आपली एक जादा किल्ली माझ्याकडे ठेवायची असते, कोण गावाला जातं, कोण किल्ली आत विसरून दार ओढून घेतं, मग येतात खाली, "काका, किल्ली", की काका देतात. किल्ल्या माझ्याकडे आहेत म्हणून ही जिन्याखालची खोली माझ्याकडे आहे. सेक्रेटरीसाहेबांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, "काका, अहं... तुमचं वय झालं. एक जरी किल्ली चुकली, तर किल्ल्याही जातील आणि खोलीही." छाती फुगवूनच बोलले, पण बोलले ते खरंच करतात.

आणि मला वाचता येत नाही. सुरुवातीला किल्ल्यांना आकड्यांची कागदं चिकटवलेली होती, ती हाताच्या घामानं निघून गेली, आणि मला काही वाईट वाटलं नाही, कारण आकडे म्हणजे मला मुंग्याच. मी माझी खूण बांधली. प्रत्येक किल्लीला एक वस्तू. माणूस बघितला की वस्तू आठवली पाहिजे, अशी.

दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत, पहाटे उठून असा काही सूर लावतात की दूधवाला वर जायला बघत नाही. त्यांच्या किल्लीला कापसाचा बोळा. कानात घालतात तो. त्यांच्या शेजारी दातांचे डॉक्टर, घरातच दवाखाना, आत गेलेला माणूस असा बोंबलतो... त्यांच्या किल्लीला घंटी. वरच्या मजल्यावर नवराबायको, दोघं चांगली, पण सकाळपासून एकमेकांवर आपटतात, म्हणून एका दोऱ्यात दोन बटणं. तळघरात गटाराची खोली आहे, तिच्या किल्लीला अत्तराच्या बाटलीचं सोनेरी टोपण. का? वासावरून. आणि सेक्रेटरीसाहेब... आता हसू नका. लाल फुग्याचं रबर. फुटलेल्या.

माझ्या स्वतःच्या खोलीच्या किल्लीला काही नाही. आपलं घर काय विसरायचंय?

या खुणा मी कुणाला सांगितल्या होत्या का? कशाला सांगतोय. सांगण्यासारख्या आहेत का? सूनबाईनं कधी विचारलं नाही, मी कधी बोललो नाही, तिला वाटलं म्हाताऱ्याला वस्तू जमवायचा नाद आहे.

तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळी हॉलमध्ये जमली. झाड दिसत होतं मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू. पांढरी फांदी, माझ्या स्वेटरची निळी माळ, कागदाच्या चांदण्या, बाटल्यांमध्ये मेणबत्त्या. मी आपला जरा मागे उभा, थंडीनं हात काखेत घालून, कौतुकानं बघतोय. बघता बघता एका फांदीवर नजर गेली. घंटी. म्हटलं, ही घंटी ओळखीची दिसते. तिच्याखाली कापूस, बर्फ म्हणून. त्याच्या पलीकडे दोन बटणं. टोकाला सोनेरी टोपण, सगळ्यात वर, मुकुटासारखं. आणि खाली कोपऱ्यात, लाल फळ म्हणून गाठ मारलेला... फुगा.

तुम्हाला सांगतो, थंडी पळाली माझी.

सूनबाईला बाजूला घेऊन म्हटलं, पोरी, डबा उघडलास? तर हसून म्हणते, "हो बाबा, किती छान छान वस्तू अडकवून ठेवल्या होत्या तुम्ही, मी सोडवून घेतल्या. किल्ल्या मस्त पुसून परत डब्यात टाकल्यात. खर्च काही नाही, घरातलंच..." मी डबा उघडला. सगळ्या किल्ल्या चकचकीत, एकसारख्या, नुकत्या अंघोळ घातलेल्या पोरांसारख्या. कोण कुणाचं, काही पत्ता नाही.

मी तिला हळूच सांगितलं, पोरी, मला वाचता येत नाही. त्या वस्तूच माझी अक्षरं होती. तिचा चेहरा बघवेना. मला वाटलं रडते की काय, पण तेवढंही करायला वेळ मिळाला नाही, कारण नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि गाण्याच्या बाई आत आल्या, हातात बॅग, बहिणीकडून परत आलेल्या. तसल्याच उंच सुरात, "काकाऽ, माझी किल्ली द्या होऽ, पाय मोडलेत माझे." आणि सेक्रेटरीसाहेब वळले. छाती फुगली. घसा साफ झाला. "द्या की काका. अहं. शोधताय का?"

मी म्हटलं, बाई, बसा, चहा घ्या. त्या म्हणाल्या, चहा घरी जाऊन घेईन. मी म्हटलं, प्रवास कसा झाला? त्या म्हणाल्या, उभ्यानं झाला. मी म्हटलं, बहीण बरी आहे? सेक्रेटरीसाहेब एक पाऊल पुढे आले, माझ्या हातातल्या डब्यात वाकून बघायला लागले. आणि मला दिसायला लागलं, माझी खाट, माझी खुर्ची, तिच्यावर ती एक बाही, सगळं रस्त्यावर काढून ठेवलेलं.

तेवढ्यात सूनबाईनं टाळी वाजवली. अशी वाजवली की मेणबत्त्या हलल्या. "थांबा, थांबा, किल्ली अशी नाही मिळणार. हा खेळ आहे. बाबांनी प्रत्येक घरासाठी झाडावर एकेक वस्तू टांगलीय. आपली वस्तू ओळखायची, डब्यातली किल्ली उचलायची आणि आपल्या दाराला लावून बघायची. ज्याची किल्ली लागली त्यानं ती आपल्या वस्तूला बांधून बाबांना परत द्यायची. चला, कोण पहिलं?"

मला वाटलं, झालं, आता कोण खेळतंय असलं. पण माणसांचं काय सांगावं... जी माणसं बोलावल्याशिवाय खिडकीत येत नाहीत, ती जिन्यावरून धावायला लागली. वरून ओरडतायत, "नाही लागत", खालून विचारतायत, "मग तिसऱ्या मजल्यावर दे", पायऱ्यांवर अडवाअडवी, आणि सगळं काम माझं, ते करतायत फुकटात. मी फक्त डबा धरून उभा. पण माझा जीव किल्ल्यांत नव्हताच हो आता. माझा जीव त्या वस्तूंत. कारण माणसं ओळखायला लागली होती ना.

गाण्याच्या बाई झाडापाशी गेल्या. मी डोळे मिटले. उघडले तर त्यांच्या हातात घंटी. "अय्या काकाऽ, घंटी म्हणजे मीच नाऽ, गोड आवाज." मी म्हटलं, तुमच्याशिवाय कोण बाई. डॉक्टरांनी कापूस घेतला. "काकांची नजर बघा. कापूस, डेंटिस्ट. वा." मी म्हटलं, सुचलं आपलं. वरच्या मजल्यावरचा नवरा चांदणी उचलणार, तर बायकोनं त्याचा हात धरला. "अहो, इकडे बघा. एका दोऱ्यात दोन बटणं. आपणच की." आणि दोघं एकमेकांकडे अशी बघायला लागली, की मी तिसरीकडेच बघितलं. तेव्हापासून त्यांची भांडणं काही कमी झालेली नाहीत, पण मध्येच ती म्हणते, "बटणं विसरलात का?" की तो गप्प बसतो.

आणि सेक्रेटरीसाहेब? ते ओळखायला थांबलेच नाहीत. हात वर केला, शेंड्यावरचं सोनेरी टोपण काढलं. "हे... अहं... आमचंच असणार. सगळ्यांत उंचावर." मला सांगा, काय बोलणार होतो मी? साहेब, त्याचा वास घेऊन बघा, असं म्हणणार होतो? मी म्हटलं, साहेब, दुसऱ्या कुणाला शोभलं असतं का ते.

सगळ्यांच्या किल्ल्या लागल्या. गटाराची आणि माझी तेवढी राहिली. बाई आपल्या घरी गेल्या, आणि साहेब मला म्हणाले, "काका, पद्धत छान आहे तुमची. खोलीचं काही मनात आणू नका." मी हात जोडले. आणि जाता जाता ते झाडाच्या कोपऱ्यात वाकले. "हा फुटका फुगा कुणाचा राहिला?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, माझा, साहेब.

बांधला मग मी तो माझ्या खोलीच्या किल्लीला. गटाराला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधला, नाकाला लावायला बरा. पण तुम्हाला सांगतो, एका संध्याकाळीत माझी सगळी शाळा बदलली. इतकी वर्षं कापूस म्हटलं की गाणं, आता कापूस म्हटलं की दात. म्हातारा माणूस, नवीन धडा पाठ व्हायला वेळ लागतो. बाकीचे हळूहळू बसले डोक्यात. सेक्रेटरीसाहेब बसेनात.

मागच्या आठवड्यात साहेब घाईघाईनं खाली आले, किल्ली आत राहिलेली. "काका, किल्ली." मी त्यांच्याकडे बघितलं, छाती फुगलेली होती, आणि माझा हात आपला जुन्या सवयीनं गेला फुग्याकडे. ते किल्ली घेऊन वर गेले, खालीवर करून बघितली, लागेना, परत खाली आले. तळहातावर माझा फुगा. म्हणाले, "काका, ही तर तुमच्या घराची किल्ली."

माझ्या तोंडून निघून गेलं, काय करू साहेब, तुम्हाला बघितलं की हात आपोआप हिच्याकडेच जातो.

साहेबांची छाती खाली गेली. डोळ्यांत पाणी आलं हो माणसाच्या. म्हणाले, "काका, इतकी वर्षं या इमारतीसाठी राबलो, पण आपल्या घराची किल्ली मला कुणी दिली नव्हती."

आता काय सांगायचं यापुढे? रोज संध्याकाळी येतात. दार वाजवत नाहीत, माझी किल्ली लावून आत येतात. माझ्या खुर्चीवर बसतात, मी खाटेवर. घसा साफ करतात, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत इमारतीच्या भल्याविषयी बोलतात. मी डॉक्टरांकडून थोडा कापूस मागून आणलाय. सूनबाईला म्हटलं, पोरी, हे किती दिवस चालायचं, काहीतरी कर. तर तिनं चहाचं आधण ठेवलं, तिसरा कप काढला, आणि हळूच म्हणाली, "बसू द्या हो बाबा. खर्च काही नाही, घरातलेच आहेत."