आत्याच्या पोटात न राहिलेला गोळा

…आणि वर आत्या मलाच म्हणते, "पोरी, तू मनाला लई लावून घेतीस!" आता नाही लावून घ्यायचं तर काय करायचं, तुम्हीच सांगा! दोन वर्षं झाली, घास गिळला की जळजळ, नाही गिळला तरी जळजळ, आणि ढेकर तर असे की कॉलेजात हजेरीला माझ्या आधी ढेकरच 'हजर' म्हणायचा… अगं बाई! काय वाजलं ते? दार होय… काही नाही, माझं हे असंच. कुठे खुट्ट झालं की पोटात गोळा येतो. आणि नेमकं हेच वाक्य मी आमच्या रतनआत्यापाशी बोलले, तिथेच फसले!

तुम्हाला सांगते, मी होऊन नव्हते गेले. आत्याच जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "बोल की बये. माझ्या पोटात राहील." आता आत्याचं पोट म्हणजे! ती रेशनची लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी गुरंसुद्धा हुंगून सोडतात, ती ही कांदा फोडून चार-चार खाते आणि पाटावरच घोरते. मला वाटलं, एवढं दणकट पोट, माझं एक वाक्य नाही राहायचं? म्हटलं, आत्या, कुणी जोरात बोललं तरी पोटात गोळा येतो, मग दिवसभर अन्न पचत नाही, पण पाथर्डीचं स्थळ यायचंय, त्यांना कळू देऊ नकोस.

"माझ्या पोटात राहील!"

राहिलं की. पाण्याचा टँकर येईपर्यंत.

मी म्हणाले होते गोळा 'येतो'. टँकरच्या रांगेत तो 'हाय' झाला, आणि शुक्रवारी घोडेगावच्या बैलबाजारात पोचला तेव्हा नारळाएवढा होता! दुसऱ्या दिवशी बेंबी बसवणारी झुंबरबाई तांब्या घेऊन दारात. "बेंबी सरकलीया. नीज उतानी!" पोटावर पेटता दिवा, दिव्यावर पालथा तांब्या… तो असा चिकटला, असा चिकटला की मी किंचाळले, आणि तेव्हा मात्र खरंच गोळा आला! मग कुणी ओवा, कुणी हिंग, शेजारच्या मालनबाईंनी तर अंगाराच चाटवला. बाजारात बैलाचे निदान दातच बघतात हो, माझं पोट सगळ्या गावाला पाठ!

आणि मधेच पाथर्डीचे गहिनीनाथ मास्तर बघायला आले. त्या माणसाने इतक्या हळू आवाजात माझं नाव विचारलं, इतक्या हळू… की मी बशीभर पोहे खाल्ले आणि ढेकर आला नाही! हसा, हसा, पण दोन वर्षं शोधत होते ते औषध समोर पाटावर बसलं होतं.

आठ दिवसांनी निरोप. त्यांच्यातलं कुणी बैल घ्यायला आलं होतं बाजारात. "पोरगी चांगली हाय. पर आधी गोळ्याचं बघा."

मग वडिलांनी, आमच्या अण्णांनी, मला नगरला डॉक्टरकडे नेलं. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजलं, पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही नाही. जेवण वेळेवर, चहा बंद, आणि सगळं आत कोंडू नका, विश्वासाच्या माणसाला सांगत जा." विश्वासाच्या! अण्णा तो फोटो घेऊन एसटीने थेट पाथर्डीला. मास्तरांच्या आईने उन्हात धरला. "काय न्हाई म्हंता? येवढं काळं दिसतंय की!"

झालं. मी कोपऱ्यात तोंड लपवून बसले, तर पाठीवर हात. "बोल की बये. माझ्या पोटात…"

तेव्हाच ठरवलं, ही गावाला सांगणारच, मग ही मधे कशाला? म्हणून आज सगळं गाव जमलंय तर तुम्हालाच सांगितलं, थेट, गोळ्याच्या खऱ्या मापासकट. आणि खरंच हो, हलकं वाटतंय! फक्त एक करा, पाथर्डीला कुणी जाणार असेल ना, तर एवढं पोटात ठेवू नका, मास्तरांच्या कानावर…

काय? कोण म्हणालं? लग्न झालं? मास्तरांचं?… कधी?

आत्या! तू मान काय हलवतेस तिथे मागे बसून? तुला ठाऊक होतं?

"म्हैना झाला की गं. तुला तरास हुईल म्हनून बोलले न्हाई. माझ्या पोटात ठिवलं!"

घ्या! राहून राहून एवढंच राहिलं हिच्या पोटात!