धाकटा पोचला का?

नाही हो, काही बोलत नाहीत ते. मघापासून तेच तर सांगतेय मी — काही म्हणजे काही नाही. तुम्ही चहा घ्या आधी, साय धरली बघा त्याच्यावर. आणि त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लटपटतो, इकडे बसा, इकडे. हां. तर काय म्हणत होते — खात्याने एवढी काळजी केली, माणूस निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आठवण ठेवली, बरं वाटलं. पण ते तुमचं टेकडीवरचं विश्रामधाम, तिथे यांना कशाला न्यायचं? असतील खोल्या हवेशीर, असतील नर्सबाया, असेल बाग. पण मला तिथे राहता येणार नाही म्हणता. महिन्यातून एकदा भेट म्हणता. म्हणजे सकाळी यांनी डोळे उघडले की समोर कोण, तर परकं माणूस. आत्ता निदान मला ओळखतात — रोज नाही, पण ओळखतात. तिथे नेलंत की तेवढी ओळखही पुसली जाईल. नाही पाठवायची मी. विसरण्याचा आजार आहे यांना, बोलण्याचा नाही.

बोलण्याचं म्हणाल तर इतका घुमा माणूस तुम्ही पाहिला नसेल. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना सांगितलं होतं, हवामान खात्यात आहे. आमच्याकडे सगळे खूश — सरकारी नोकरी, ढगांकडे बघायचं आणि पगार घ्यायचा. आणि हा हवामानवाला कसा, तर घरातून निघताना छत्री विसरणार आणि चिंब भिजून परत येणार. माझी बहीण म्हणायची, भावजी, तुम्ही ऊन पडेल म्हणालात की मी गाद्या आत घेते. हसायचे नुसते. मला कधी कळलं? अहो, बायकोला कळतं. हवामानवाल्याला न्यायला भल्या पहाटे काळ्या काचांची गाडी कशाला येईल? आणि आठवड्याने परत आला की बुटांना आपल्या भागात कुठेच नाही त्या रंगाची माती कशी? पण विचारलं नाही. बूट पुसून ठेवायचे. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, आणि मीही कधी ताक ढवळायला गेले नाही. तसाच झाला आमचा संसार — चांगला झाला, तक्रार नाही माझी.

खिडक्या? खिडक्या धुळीमुळे बंद आहेत. यांना खोकला आहे ना. हो, उकडतं, कळतंय मला, मघापासून तुम्ही रुमालाने मान पुसताय. आणि रेडिओ मोठा ठेवते कारण त्यांना ऐकायला कमी येतं — म्हणजे शेजारी तसं सांगितलंय मी. येतं तसं ऐकू. कधी येतं, कधी नाही. असं बघू नका हो माझ्याकडे. फोन कपाटात आहे, कारण हे उगाच कोणालाही लावत बसतात. कोणाला म्हणजे — असेच आकडे दाबतात, जुने कुठले तरी, आता लागतसुद्धा नाहीत. बरं, बोलतात म्हणा, अगदीच मुके नाहीत. पण काय बोलतात? हवामान. आभाळ भरून आलंय, वारा पडलाय, आज बाहेर काही वाळत घालू नका. जन्मभर एकच थाप मारली की शेवटी ती अंगवळणी पडते, तसं झालंय. आता खरंच वाटतं त्यांना, आपण ढग मोजायचो. तेवढंच राहिलंय डोक्यात. त्यात तुमच्या खात्याचं काय बुडतंय?

आणि काळजी घ्यायला माणूस आहे की. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, आज लवकर सोडला मी. पहिलवान म्हणतात हे त्याला, कारण अंगावर मूठभर मांस नाही. पण काय हात आहे त्याचा — यांना उचलतो, अंघोळ घालतो, दाढी अशी करतो की एक ओरखडा नाही. आधीचा होता तो न सांगता सोडून गेला, मी डोक्याला हात लावून बसले होते, तर दुसऱ्या दिवशी हा दारात उभा. मला मावशी म्हणतो. आणि ऐकतो किती! यांचं तेच तेच रडगाणं ऐकून मीसुद्धा कधी कधी कंटाळते, पण तो बाजूला बसून पाय चेपत विचारतो, मग पुढे काय झालं साहेब? मग वारा कुठून आला? पोटच्या पोराने केलं नसतं इतकं करतो. आम्हाला पोर नाही ना, म्हणून म्हणते. तेव्हा सांगा तुमच्या वरच्यांना, इथे काही कमी नाही.

काय म्हणालात? धाकट्याबद्दल? नाही, धाकट्याबद्दल काही बोलत नाहीत. विचारत असतात फक्त, धाकटा पोचला का, धाकटा पोचला का, म्हणून — पण ते काही बोलणं नव्हे, ते आपलं — 

थांबा.

तुम्ही धाकटा म्हणालात. मी अजून नाव काढलं नव्हतं. मी ढग म्हणाले, वारा म्हणाले, वाळत घालायचे कपडे म्हणाले, धाकटा नाही म्हणाले. आणि तुमच्या कागदांवर असेल म्हणाल तर तेही पटायचं नाही. कागदावर त्याला आकडा असेल, आणखी काही नाव असेल. धाकटा हा यांचा शब्द आहे, या आजारात वर आलेला, त्या आतल्या खोलीत. इतकी वर्षं संसार केला, निरोगी असताना एकदाही तोंडातून निघाला नाही. ऐकणारी माणसं दोनच. एक मी. ठेवा तो कप खाली, सांडेल. एक मी, आणि दुसरा पाय चेपत बसतो तो.

अस्सं. म्हणजे पहिलवान तुमचा. तरीच पगाराची कधी घासाघीस केली नाही त्याने. तरीच आधीचा एकाएकी गेला. आणि मी त्याला यांचे जुने स्वेटर दिले हो, थंडीत काकडतो म्हणून. मावशी म्हणतो मला. म्हणू दे, म्हणू दे, नोकरी आहे त्याची, यांनीही कोणाकोणाला काय काय म्हटलं असेल. पण मग तुम्ही इथे कशाला आलात? हे काय बोलतात ते तर तुम्हाला रोजच्या रोज कळतंय. म्हणजे यांना नाही, मला बघायला आलात. म्हातारीला किती कळलंय. आणि मी बघा, एका शब्दात गावले. हे असते तर म्हणाले असते, तू अगदीच कच्ची.

मग आता ऐकाच. नाही, उठू नका. मला आधी वाटलं, धाकटा म्हणजे भाऊ. पण यांना भाऊ नाही. मग वाटलं — सांगायला लाज वाटते, या वयात — वाटलं, कुठे तरी दुसरं घर आहे यांचं, आणि तिथे पोरगं आहे. इतके दिवस बाहेर असायचे, काय अशक्य आहे? दोन आठवडे मी यांच्याशी नीट बोलले नाही. विसरणाऱ्या माणसावर रुसून बसले, बोला. त्याला कशाचा पत्ता. मग एकदा जेवताना हे रडायला लागले. म्हणाले, त्याला म्हटलं होतं, आभाळ उतरायच्या आत तुला घेऊन येतो, आणि मी एकटाच आलो. तेव्हा उलगडलं मला. तो सीमेपलीकडे राहिला. बातम्या त्याने द्यायच्या आणि शाबासकी इकडे मिळायची, आणि आणायची वेळ आली तेव्हा कोणी तरी वर ठरवलं की राहू दे त्याला तिथेच, अजून उपयोगाचा आहे. हो की नाही? नका सांगू. मी विचारत नाहीये, सांगतेय.

एक दिवस हे ऑफिसला निघताना दारात थांबले आणि म्हणाले, आज बाजारात जाऊ नकोस, ऊन फार आहे. बाहेर बघते तर आभाळ गच्च. जन्मात एकदाच असं बोलले. मी पिशवी खुंटीला लावली. मग आठवलं, समोरची शेजारीण आत्ता निघेल. तिला काय सांगणार? तर धावत गेले, म्हटलं, बाई, या स्वेटरच्या बाहीचे टाके घालायला मला काही केल्या जमत नाही, आत्ताच शिकव. तिला बसवून ठेवली. ती शिकवतेय, मी चुकवतेय, ती शिकवतेय, मी उसवतेय. शेवटी वैतागून म्हणाली, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. आणि बाजारात काय झालं? काही नाही. काही म्हणजे काही नाही. भाजी विकली गेली, लोक घरी गेले. इकडून आधीच कोणी जाऊन काय ते निस्तरलं असणार. त्या न झालेल्या गोष्टीची ना बातमी, ना आठवण. शेजारीण मरेपर्यंत मला मठ्ठ समजत गेली. आता कळतंय, ते धाकट्याने कळवलं होतं. हे झोपेत म्हणतात ना, बाजार वाचला, धाकट्याने बाजार वाचवला. त्या दिवशी तिथे असलेलं एकही माणूस त्याला ओळखत नाही. मी तरी कुठे ओळखते? पण मी रोज रात्री त्याच्यासाठी हात जोडते.

जिवंत आहे तो? बघा, कपात बघायला लागलात. कप रिकामा आहे. म्हणजे आहे. अजून तिथेच आहे, आणि यांच्या तोंडून एखाद्या दिवशी नाव निसटलं, गावाचं, गल्लीचं, आणि खालून जाणाऱ्याच्या कानावर पडलं — कळतं हो मला. तुम्ही काही वाईट माणसं नाही. मी तुमच्या जागी असते तरी आलेच असते. काय वाटतं तुम्हाला, या खिडक्या धुळीसाठी लावल्यात? उन्हाळाभर आम्ही दोघं या भट्टीत बसलोय ते त्याच्यासाठीच. त्यालाही बायको असेल. तीही त्याचे बूट पुसत असेल आणि विचारत नसेल.

नाही. नाही, तसं करू नका. मला काही माहीत नाही असं लिहून मोकळं व्हाल, तुम्ही माझं भलंच बघताय, समजतंय मला. बाईला काही कळत नाही, तिला राहू द्या घरी, यांना तेवढं घेऊन जा. शेजारीण म्हणायचीच, भुसा. या वेळी ते चालायचं नाही. लिहा, बाईला सगळं ठाऊक आहे. लिहा, गावही ठाऊक आहे, नदीकाठचं. सांगू नाव? बरं, नाही सांगत, घाबरू नका. टेकडीवर न्यायचं तर दोघांना न्या, एका खोलीत ठेवा. नाही तर दोघांना इथे राहू द्या. यांना एकट्याला उचललंत आणि मी इथे एकटी उरले, तर माझं तोंड कोण बंद करणार? धमकी नाही हो ही. धमकी कसली देतेय मी. मी कोणाला एक अक्षर सांगायची नाही, तो तिकडे आहे तोवर जीभ कापली तरी नाही, हे तुम्हालाही कळतंय. पण लिहा तसंच. तुमच्या वरच्यांना तीच भाषा समजते.

आलेऽऽ, आले हो. जागे झाले बघा. — कोणी नाही, हवामान खात्यातले आलेत. हो, तुमच्याच खात्यातले. काय म्हणता? — ऐकलंत? तेच विचारतायत. धाकटा पोचला का. सांगा ना. तुम्ही खात्यातले आहात, तुमच्यावर विश्वास बसेल त्यांचा, माझ्यावर नाही बसत, मी रोज सांगते आणि ते रोज म्हणतात, तुला काय कळतं. एवढं एकच सांगा, दारात उभं राहून. पोचला म्हणा. 

राहू द्या. जमत नसेल तर राहू द्या. — पोचला हो, पोचला. जेवून झोपलाय. आभाळ अगदी स्वच्छ आहे.

जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना, आवाज न करता. आणि तुमच्या त्या पहिलवानाला म्हणावं, उद्या वेळेवर ये. दाढी वाढलीय यांची.