कावळा शिवंना

वसमतच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या.

"शकुबाई, तुमचे मालक विषारी दारूतून वाचले म्हणत होते की."

"वाचले होते. मशीनवर रगत साफ केलं. पर मशीनीत रगत गोठू नये म्हणून सुई देत्यात. मंग मेंदूतच रक्तस्राव झाला."

"सुईमुळं?"

"डॉक्टर म्हणले, त्या दारूनंबी होतं, सुईनंबी होतं. बराबर सांगता येत न्हाई."

"दहावं झालं?"

"काल. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा पिंडाला शिवंना. दीर म्हणले, वहिनी, दादाला दारू लई आवडायची. पिंडाजवळ वाटीभर ठेवा."

"मंग ठेवली?"

"न्हाई बाई. त्या कावळ्यानं माझं काय वाईट केलंय?"